श्वासाचे रोग आणि जनुकांचे मौन

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा राजमार्ग सुरतेजवळ तापी नदी ओलांडतो, त्याच परिसरात कामरेज हे गाव वसले आहे. आज ते सुरत जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे आहे. परंतु त्याचे वय सुरतेच्या कीर्तीपेक्षा पुष्कळच अधिक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपोथीत भडोचच्या आखातालगतचे ‘कम्मोनी’ असे एक गाव येते. विद्वानांनी त्याचा संबंध कामरेजशी जोडला आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य युवराज श्र्याश्रय शीलादित्य याने दिलेल्या ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ असा या प्रदेशाचा उल्लेख आढळतो. पुढे हा मुलूख गायकवाडांच्या अमलाखाली आला आणि कामरेज हे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल झाले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर बडोद्याच्या हुजूर कचेरीतील हुकूम ‘आज्ञापत्रिके’त छापले जात आणि प्रांताच्या सुभ्यामार्फत तालुक्याच्या वहिवाटदारापर्यंत पोहोचत.

ताम्रपट आणि आज्ञापत्रिका या दोन वस्तूंची आठवण येथे मुद्दामच केली आहे. ताम्रपट टिकावा म्हणून तांब्यावर कोरीत. आज्ञापत्रिकेचा कागद मात्र काम झाले की रद्दीत जाई. एक मूळ लेख, तर दुसरी त्यातील आज्ञा वाहून नेणारी नक्कल. मनुष्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीचा कारभार जवळजवळ याच रीतीने चालतो, आणि वैद्यकशास्त्राच्या एका नव्या शाखेने या कारभारातील नक्कलच वाटेत अडविण्याची विद्या हस्तगत केली आहे. या विद्येचा इतिहास काय, आणि ऊस, कापूस व धूर यांच्या संगतीत आयुष्य काढणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांना तिचा काय उपयोग, हा आजचा विषय होय.

कामरेजचा परिसर हा उसाचा परिसर आहे. दक्षिण गुजरातेतील सहकारी साखर कारखान्यांपैकी एक याच विभागाच्या नावाने उभा आहे. गळिताचा हंगाम आला की खानदेशातून आणि डांगच्या डोंगराळ भागातून मजुरांच्या टोळ्या या बाजूला उतरतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणण्याची रीत येथेही आहे. पडावावर तीन दगडांची चूल मांडावयाची, पाचट किंवा काटक्या पेटवावयाच्या, आणि खोपटातच भाकरी भाजावयाची, हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. जवळच्या सुरत शहरात उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी अनेकांचे पोट मागावर आणि कापडाच्या धंद्यावर चालते. धूर, धूळ आणि तंतू यांचे या जीवनाशी असलेले नाते असे जवळचे आहे.

या नात्यातून उद्‌भवणाऱ्या रोगांची नोंद वैद्यकाने फार उशिरा केली. उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडाचा भुसा, ज्याला कारखान्यात ‘बगॅस’ म्हणतात, तो ओला असता ढीग घालून ठेवला की आतून तापतो. त्या उष्णतेत एक प्रकारचे सूक्ष्मजंतू वाढतात. पुढे भुसा वाळला आणि त्याच्या गासड्या फोडल्या म्हणजे त्या जंतूंची बीजे धुळीबरोबर छातीत शिरतात. ताप, कोरडा खोकला आणि धाप ही त्याची लक्षणे. या रोगाचे वर्णन अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतात १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भारतातील रुग्णांची नोंद १९५५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. कामगारांच्या नुकसानभरपाईविषयीच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टातही पुढे ‘बगॅसोसिस’ हे नाव दाखल झाले. त्याच परिशिष्टात कापसाच्या तंतूंनी होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या रोगाचेही नाव होते. आठवड्याची सुटी संपवून गिरणीत परतलेल्या कामगाराची छाती पहिल्याच दिवशी आवळून यावी, ही या दुसऱ्या रोगाची खूण. मुंबईच्या गिरणगावाच्या कुशीत असलेल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणीकामगारांच्या या रोगाचा आणि शहरातील दूषित हवेचा दीर्घकाळ अभ्यास केला.

स्वयंपाकघरातील धुराचा अभ्यास पुण्यात झाला. फुप्फुसातील वायुमार्ग कायमचे अरुंद होऊन श्वास कोंडणारा जो दीर्घकालीन रोग आहे, तो मुख्यत्वे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, अशी पाश्चात्त्य वैद्यकाची समजूत होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, धूम्रपान कधीही न केलेल्यांतही हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यामागे चुलीतील लाकूड व गोवऱ्या यांचा धूर, धंद्यातील धूळ आणि जुना क्षयरोग अशी कारणे असतात. भारतातील या एकाच रोगाच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाली, असा अंदाज देशव्यापी पाहणीतून निघाला. दम्याचे रुग्ण याखेरीज ३ कोटी ७९ लाख. लोकसंख्या वाढली आणि आयुर्मान वाढले, हे या वाढीचे एक कारण खरे. परंतु श्वासाला मोताद झालेल्या माणसाचे दुःख त्यामुळे हलके होत नाही.

या रोगांवर आज जी औषधे दिली जातात, ती बहुधा श्वासावाटे ओढावयाची असतात. काही औषधे आवळलेली नलिका सैल करतात, तर काही आतील सूज उतरवितात. त्यांनी असंख्य जीव वाचविले आहेत. पण दम्याचा रोगी औषध थांबविताच पुन्हा धापा टाकू लागतो, आणि फुप्फुसाचा मऊ स्पंज आतून राठ होत जाण्याचा जो तंतुमयतेचा रोग आहे, त्यावरील औषधे त्याची गती मंद करतात एवढेच. याचे कारण असे की, सूज, चिकट कफ आणि राठ तंतू हे सारे पेशींनीच निर्माण केलेल्या प्रथिनांचे परिणाम आहेत. पेशींच्या कारखान्यात ही प्रथिने घडतच राहिली, तर बाहेरून कितीही मलमपट्टी केली तरी ती अपुरी पडते. तेव्हा प्रथिन तयार झाल्यावर त्याच्याशी झगडण्याऐवजी ते घडविण्याची आज्ञाच रोखता येईल काय, असा प्रश्न निघणे स्वाभाविक होते.

ही आज्ञा कोठून निघते, याचा शोध ब्रून येथील एका मठाच्या बागेत सुरू झाला. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी तेथे वाटाण्याच्या हजारो रोपांचे संकर केले आणि आपले निष्कर्ष १८६५ मध्ये मांडले. फुलाचा रंग, दाण्याची सुरकुती यांसारखे गुण आईबापांकडून ठराविक हिशेबाने संततीत उतरतात, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या हयातीत या कामाची कोणी फारशी दखल घेतली नाही. विसाव्या शतकात त्या गुणवाहक घटकांना जनुके हे नाव मिळाले. ही जनुके पेशीच्या केंद्रकातील डीएनए नामक दीर्घ रेणूवर कोरलेली असतात, हेही पुढे सिद्ध झाले. डीएनए हा पेशीचा ताम्रपट होय. तो केंद्रकाबाहेर जात नाही. १९६१ मध्ये सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा झाकॉब आणि मॅथ्यू मेसेलसन यांनी दाखविले की, त्या ताम्रपटावरील मजकुराची एक अल्पायुषी नक्कल निघते, ती प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेकडे जाते आणि काम संपल्यावर मोडून पडते. या नकलेस संदेशवाहक आरएनए असे म्हणतात. बडोद्याच्या आज्ञापत्रिकेशी तिचे साम्य येथे सहज ध्यानात यावे.

आज्ञापत्रिका वहिवाटदाराच्या हाती पडण्यापूर्वीच गहाळ झाली तर हुकमाची अंमलबजावणी होणार नाही, मग मूळ दप्तर कितीही शाबूत असो. हा विचार प्रथम प्रत्यक्षात आणला तो पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी. आरएनएची अक्षरे चार, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या. तेव्हा एखाद्या नकलेच्या काही अक्षरांना बरोबर जुळणारा उलटा तुकडा तयार केला, तर तो तिला चिकटून तिचे वाचन बंद पाडील, असा त्यांचा तर्क होता. कोंबड्यांना अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूची वाढ त्यांनी १९७८ मध्ये अशा तुकड्याने रोखून दाखविली. फुप्फुसांच्या बाबतीत हा प्रयोग १९९७ मध्ये झाला. जोनाथन नाइस आणि जेम्स मेट्झगर यांनी दम्याची लक्षणे निर्माण केलेल्या सशांना असे तुकडे श्वासावाटे दिले, आणि त्यांच्या श्वासनलिकांचे आवळणे कमी झाल्याचे ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर केले. छातीच्या रोगावर जनुकाची आज्ञा रोखण्याचा हा आरंभीचा यत्न म्हणता येईल.

इकडे निसर्ग स्वतःच ही कला युगानुयुगे वापरीत आला आहे, याची मात्र कोणास कल्पना नव्हती. ती आली पुन्हा एका फुलाच्या निमित्ताने. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात कॅरोलिन नेपोली आणि रिचर्ड जॉर्गेन्सन हे पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद करू पाहत होते. त्यांनी रंग निर्माण करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत रोपांत घातली. अपेक्षा अशी की रंग दुप्पट होईल. प्रत्यक्षात अनेक रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली. नवी प्रत तर गप्प बसलीच, पण तिच्याबरोबर रोपाची मूळ प्रतही गप्प बसली. हा प्रकार १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नेदरलँडमधील संशोधकांनीही असाच अनुभव नोंदविला. १९९२ मध्ये इटलीत एका बुरशीतही हेच दिसले. फुलांचे आणि बुरशीचे हे कोडे वैद्यकाच्या वर्तुळात फारसे कोणी मनावर घेतले नाही.

त्यानंतर एक किडा या कथेत येतो. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा हा पारदर्शक कृमी जीवशास्त्रज्ञांचा आवडता प्राणी आहे. १९९५ मध्ये सू ग्वो आणि केनेथ केम्फ्यूस यांनी त्याच्यातील एक जनुक उलट्या आरएनएने बंद पाडले. पडताळ्यासाठी त्यांनी सुलटा आरएनएही टोचला. त्याने काहीच व्हावयास नको होते, पण त्यानेही ते जनुक बंदच पडले. पडताळ्याचा हा विचित्र निकाल त्यांनी झाकून न ठेवता छापला, हे त्यांचे मोठे श्रेय. त्याचा उलगडा अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी केला. सुलटा आणि उलटा असे दोन्ही धागे एकमेकांना चिकटलेला दुहेरी आरएनए हाच खरा परिणामकारक आहे, आणि त्याचे अगदी थोडे रेणूही पेशीस पुरतात, असे त्यांनी १९ फेब्रुवारी १९९८ च्या ‘नेचर’च्या अंकात सिद्ध केले. आधीच्या प्रयोगांत नकळत मिसळलेल्या दुहेरी धाग्यानेच तो घोटाळा झाला होता. या शोधाबद्दल दोघांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीच्या आत काय घडते, तेही लवकरच उलगडले. दुहेरी आरएनए आत शिरला की ‘डायसर’ नावाचे एक प्रथिन त्याचे सुमारे एकवीस अक्षरांचे तुकडे करते. प्रत्येक तुकड्याचा एक धागा दुसऱ्या एका प्रथिनसमूहाच्या हाती पडतो. हातात वॉरंट घेऊन निघालेल्या शिपायाप्रमाणे हा समूह पेशीभर फिरतो. धाग्यावरील अक्षरांना जुळणारी आज्ञापत्रिका सापडली की ती तो मधोमध कापतो आणि पुढच्या शोधास निघतो. वनस्पतींतील असे लहान तुकडे १९९९ मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम यांनी ओळखले होते. माणसाच्या पेशीत मात्र अडचण होती. लांब दुहेरी आरएनए दिसताच विषाणूचा हल्ला झाला असे समजून ती सर्वच कामकाज बंद करू पाहते. २००१ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे थॉमस टुश्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस अक्षरांचे तयार तुकडेच पेशीत घातले. ते इतके लहान होते की पेशी गडबडली नाही, आणि नेमके हवे तेवढेच जनुक गप्प बसले. औषधाचा मार्ग येथून खुला झाला.

शरीर स्वतःही अशाच लहान धाग्यांनी आपल्या जनुकांना आवर घालीत असते, हे व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांना १९९३ मध्ये त्याच किड्यात आढळले होते. त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेतील बलराम घोष, अनुराग अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की, ‘लेट-७’ नावाचा असा एक धागा दम्यातील सूज वाढविणाऱ्या एका प्रथिनाच्या आज्ञेवर नियंत्रण ठेवतो, आणि दमा उत्पन्न केलेल्या उंदरांना तो नाकावाटे दिल्यास त्यांची लक्षणे सौम्य होतात. या विद्येत भारताचाही हात लागला आहे तो असा.

टुश्ल यांच्या शोधानंतर औषधकंपन्यांची एकच धांदल उडाली. माणसांवरील पहिल्या चाचण्या २००४ मध्ये डोळ्याच्या रोगापासून सुरू झाल्या. पण आरएनए हा स्वभावतः क्षणभंगुर. रक्तात तो मिनिटांत मोडतो, मूत्रपिंडे त्यास बाहेर टाकतात, आणि पेशीच्या स्निग्ध आवरणातून तो आत शिरू शकत नाही. शिवाय २००८ मध्ये असे उघडकीस आले की, उंदरांच्या डोळ्यांत दिसलेला काही गुण जनुक गप्प बसविल्यामुळे नव्हे, तर शरीराची संरक्षणव्यवस्था सावध झाल्यामुळे आला होता. उत्साह ओसरला. २०१० मध्ये रोश या बड्या कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. तरीही काही मंडळी चिकटून राहिली. आरएनएच्या अक्षरांत रासायनिक फेरफार करून त्यांनी तो टिकाऊ केला, आणि स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळीत गुंडाळून तो पोहोचविण्याची युक्ती काढली. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत ‘पॅटिसिरान’ या औषधास मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत वीस वर्षे लागली.

पॅटिसिरान आणि त्यामागून आलेली बहुतेक औषधे यकृतात काम करतात. यकृत हे रक्तातील अशा गोळ्या आपोआप वेचून घेते, आणि एका विशिष्ट शर्करेचा टिळा लावलेला आरएनए तर ते हात पुढे करून स्वीकारते. फुप्फुसांची गोष्ट वेगळी आहे. वरवर पाहता त्यांचे दार सताड उघडे. नाकातोंडावाटे औषध थेट आत जाऊ शकते. पण परमेश्वराने या घराची राखण मोठ्या बारकाईने केली आहे. नलिकांच्या भिंतींवर कफाचा थर असतो. सूक्ष्म केसांची झाडणी त्याला अहोरात्र वर ढकलीत असते. खोल वायुकोशांत कणभक्षक पेशी टपून बसलेल्या असतात. जुनाट रोगात तर कफ आणखी दाट होतो आणि वाटा बुजतात. म्हणजे ज्याला औषधाची गरज अधिक, त्याच्याच छातीत ते पोहोचणे अधिक कठीण.

या अडचणींतूनही प्रयत्न झाले. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात शैलेन बारिक यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये उंदरांच्या नाकात आरएनएचे थेंब सोडून श्वसनमार्गाच्या दोन विषाणूंची वाढ रोखली. अल्नायलम कंपनीने त्यांपैकी एका विषाणूविरुद्ध तयार केलेले औषध निरोगी स्वयंसेवकांवर अजमाविण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू मुद्दाम दिल्यावर, ज्यांना नुसते खारे पाणी फवारले त्यांपैकी शेकडा ७१ जणांना लागण झाली. ज्यांना औषध मिळाले त्यांत हे प्रमाण शेकडा ४४ होते. मग ते फुप्फुसाचे रोपण झालेल्या रुग्णांना देण्यात आले. कारण या विषाणूच्या लागणीनंतर त्यांच्या नव्या फुप्फुसातील बारीक नलिका कायमच्या बुजण्याचे भय असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांवरील चाचणीत असे बुजणे बरेच कमी आढळले. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र फरक दिसूनही तो आधी ठरविलेल्या गणिती कसोटीस पुरता उतरला नाही. औषध तेथेच थांबले.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये कार्ल-बेर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांनी एक आनुवंशिक दोष शोधला. फुप्फुसांचे रक्षण करणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन यकृतात तयार होते. काही माणसांत ते सदोष घडते, यकृतातच साचून राहते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. परिणामी यकृत खराब होते आणि तरुणपणीच फुप्फुसांचे कोश फाटू लागतात. या सदोष प्रथिनाची आज्ञा थांबविणारे ‘फाझिरसिरान’ हे औषध रुग्णांच्या यकृतातील साठा कितीतरी उतरविते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पण या उपायाने फुप्फुसास त्याचे रक्षक प्रथिन परत मिळत नाही. वाईट हुकूम थांबविणे आणि चांगला हुकूम काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मौनाने सर्वच प्रश्न सुटत नाहीत, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

अलीकडच्या काळात प्रत्यक्ष फुप्फुसांच्या पेशींसाठीच औषधे घडविली जात आहेत. अमेरिकेतील ॲरोहेड कंपनीने दाट कफाच्या एका आनुवंशिक रोगावर श्वासावाटे देण्याचे औषध तयार केले होते. परंतु दीर्घ मुदतीच्या प्राणिप्रयोगात उंदरांच्या फुप्फुसांत दाह आढळल्यामुळे २०२१ मध्ये तिने ती चाचणी स्वतःच थांबविली. त्यानंतर दम्यातील सूज चेतविणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाविरुद्ध तिने आणलेल्या औषधाने, माणसांवरील आरंभीच्या चाचणीत त्या प्रथिनाचे प्रमाण पुष्कळ खाली आणल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. जपानमधील तोरे कंपनीने फुप्फुसे राठ करणाऱ्या प्रथिनाची आज्ञा रोखणारा धागा तयार करून तंतुमयतेच्या रुग्णांवर त्याची सुरक्षितता पारखण्यास आरंभ केला. परंतु प्रथिन उतरले म्हणजे रोगी जिना चढू लागला असे होत नाही. दमा, वायुमार्गांचा दीर्घकालीन अवरोध किंवा फुप्फुसांची तंतुमयता यांवर या जातीचे औषध अद्याप डॉक्टरांच्या रोजच्या चिठ्ठीत आलेले नाही.

आणि ते आले तरी कोणासाठी येईल, हा प्रश्न उरतोच. पॅटिसिरानची किंमत २०१८ मध्ये एका रुग्णामागे वर्षाला साडेचार लाख डॉलर लावण्यात आली होती. उसाच्या फडात दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या माणसाने ही रक्कम कोणत्या हिशेबात धरावी? नव्या औषधांच्या किमती पुढे उतरतात, हा अनुभव खरा आहे. पण श्वास तोवर वाट पाहत नाही. याउलट रोगाचे मूळ कारण दूर करण्याचे उपाय स्वस्त असून ठाऊक आहेत. चिपाडाचा भुसा ओलाच हाताळणे, त्यावर प्रोपिऑनिक आम्लाचा फवारा मारणे, गासड्या फोडण्याच्या जागी वारा खेळता ठेवणे, या साध्या गोष्टींनी भुशाचा रोग टाळता येतो. कापसाची धूळ यंत्राजवळच खेचून घेतली की कामगाराची छाती वाचते. स्वयंपाकाचा गॅस गरीब घरांत पोहोचविण्यासाठी केंद्र सरकारने १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू केली. पण हंगामापुरते गाव सोडून पडावावर राहणाऱ्या बाईच्या चुलीपर्यंत ती सोय जावी, यासाठी वेगळी खटपट हवी.

यावरून प्रयोगशाळेतील संशोधनास कमी लेखावे, असे मात्र नव्हे. ज्याच्या फुप्फुसांचे तंतू आधीच राठ झाले, त्याला चूल बदलून आता बरे वाटणार नाही. ज्याला जन्मतःच सदोष जनुक मिळाले, त्याचा धुराशी संबंध नसेलही. अशा रुग्णांना आज्ञा रोखणाऱ्या औषधाचीच आशा आहे. मठातील वाटाणे, पांढरी पडलेली पेटुनियाची फुले आणि मातीतला किडा यांकडे पाहताना कोणालाही रुग्णाची छाती दिसली नव्हती. तरीही त्याच वाटेने शास्त्र त्या छातीपर्यंत येऊन ठेपले आहे. शिवाय अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल लपवून न ठेवता छापणाऱ्या आणि उंदरांत दोष दिसताच चाचणी थांबविणाऱ्या संशोधकांमुळेच ही वाटचाल शक्य झाली, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. पेशीतील घातक आज्ञा थांबविण्याचे काम शास्त्रज्ञांचे आहे, आणि ते धिमेपणानेच होईल. पण चुलीचा धूर, गिरणीची धूळ आणि चिपाडाचा भुसा यांना थांबविण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. ते काम कारखान्याच्या व्यवस्थापकाचे आहे, पंचायतीचे आहे आणि कायदा राबविणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे. कामरेजच्या बाजूस पुढच्या हंगामात ज्या टोळ्या उतरतील, त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही असतील. त्यांची फुप्फुसे अजून कोवळी आहेत, आणि ती तशीच धडधाकट राखणे आज आपल्या हाती आहे.